दम्याचा एक विद्यार्थी आणि पाच प्रश्न : स्कूल नर्सने कार्यचौकट रोज कशी वापरावी

अमेरिकेतील नॅशनल असोसिएशन ऑफ स्कूल नर्सेस या संघटनेने २०१६ साली शालेय परिचर्येची एक कार्यचौकट प्रसिद्ध केली आणि २०२४ मध्ये ती सुधारली. मध्यभागी विद्यार्थी, त्याच्याभोवती कुटुंब आणि शाळा, आणि कामाची पाच अंगे : व्यावसायिक मानके, काळजीचा समन्वय, नेतृत्व, गुणवत्ता सुधारणा आणि सामुदायिक आरोग्य. आकृती समजायला दहा मिनिटे पुरतात. पंचाईत होते ती सकाळी साडेदहाला, जेव्हा दारात एकाच वेळी चार मुले उभी असतात आणि त्यांतल्या एकाला धाप लागलेली असते. अशा वेळी आकृती आठवत बसू नये. आधी मुलाला पाहावे आणि तो वर्गात परतल्यावर पाच अंगांचे पाच प्रश्न स्वतःला विचारावेत.

समजा, चौथीतला दम्याचा विद्यार्थी खेळाच्या तासानंतर आला आहे. त्याला एका दमात पूर्ण वाक्य बोलता येते का, बरगड्यांमधली त्वचा आत ओढली जाते का, श्वासाची गती आणि ऑक्सिमीटरवरचा आकडा किती, हे पाहून डॉक्टरांनी दिलेल्या हिरव्या, पिवळ्या व लाल पट्ट्यांच्या दमा-आराखड्यात तो कुठे बसतो ते ठरवावे. बोलता येत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर आराखड्यातील तातडीचे औषध देत असतानाच दुसऱ्या कोणाला तरी ९११ या तातडीच्या मदत-क्रमांकाला फोन करायला सांगावे. एरवी इन्हेलर नीट हलवून, स्पेसर (इन्हेलर आणि तोंड यांच्यामध्ये लावायची नळी) लावून, आराखड्यात लिहिले आहेत तितकेच पफ एकेक करून द्यावेत. (धाप शमवणाऱ्या ज्या औषधाला भारतात आपण साल्ब्युटामॉल म्हणतो, तेच इथे अमेरिकेत अल्ब्युटेरॉल या नावाने येते, नव्याने आलेल्या परिचारिकांचा इथे हमखास गोंधळ उडतो.) इन्हेलरवरचा मोजणी-आकडाही पाहावा, कारण रिकामा इन्हेलरसुद्धा फुस्स असा आवाज करतो. पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा तपासून आधीची आणि नंतरची श्वासगती, औषधाची मात्रा व वेळ लिहून ठेवावी. हाच पहिला प्रश्न, मानकांचा : ‘बरे वाटले, वर्गात पाठवले’ ही नोंद मानकांत बसत नाही.

दुसरा प्रश्न समन्वयाचा, आणि माझ्या मते सर्वाधिक वेळ यालाच द्यावा. मुलाच्या आईला फोन करताना ‘रोजचे औषध देता ना?’ असे विचारले, तर उत्तर बहुधा ‘हो’ असेच येते. त्याऐवजी ‘रोजचा इन्हेलर मागच्या वेळी कधी संपला आणि नवा कधी आणला?’ असे विचारावे. मग कळते की मूल बरे दिसू लागल्यावर स्टेरॉइडचा इन्हेलर बंद झाला, किंवा एकच इन्हेलर घर आणि शाळा यांच्यात फिरतो आहे. त्यावरून पुढची कामे ठरतात : शाळेसाठी दुसरा इन्हेलर, डॉक्टरांच्या सहीचे संमतिपत्र, विद्यार्थ्याचा वैयक्तिक आरोग्य-आराखडा आणि शिक्षकांसाठी साध्या भाषेतला एक पानी तातडीचा आराखडा. दम्यामुळे शिक्षणात अडथळा येत असेल, तर ‘सेक्शन ५०४’ (अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना शाळेत सोयी देण्याचे कायद्यातील कलम) याखालील सोयींचा विचार व्हावा, आणि त्या बैठकीला परिचारिकेने स्वतः बसावे. महाराष्ट्रात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येऊन तपासणी करते आणि पुढच्या गावाला जाते. इथे तेच मूल उद्या पुन्हा आपल्याच दारात उभे राहते, त्यामुळे पाठपुरावा दुसऱ्यावर सोपवता येत नाही.

तिसरा प्रश्न नेतृत्वाचा, आणि त्यासाठी वेगळे पद लागत नाही. खेळाच्या शिक्षकांना धाप ओळखायला शिकवणे आणि बदली शिक्षकाच्या फाइलमध्ये तातडीचे पान आहे की नाही हे पाहणे, एवढ्यापासून सुरुवात होते. मात्र औषध देण्याचे काम परिचारिका नसलेल्या कर्मचाऱ्याकडे सोपवता येते का, हे प्रत्येक राज्याचा परिचर्या कायदा वेगवेगळे सांगतो. तो वाचल्याशिवाय होकार देऊ नये. शाळेतील आरोग्यनोंदींना साधारणपणे १९७४ चा फर्पा हा विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या गोपनीयतेचा कायदा लागू होतो, म्हणून शिक्षकाला त्याच्या कामापुरतेच सांगावे.

चौथ्या, म्हणजे गुणवत्ता सुधारणेच्या, प्रश्नासाठी शुक्रवारी वीस मिनिटे राखून ठेवावीत. प्रत्येक भेटीची वेळ, कारण, आधी मूल कुठे होते आणि नंतर वर्गात गेले की घरी, हे चार रकाने पुरेसे आहेत. सहा आठवड्यांत धापेच्या बहुतेक भेटी मंगळवारी व गुरुवारी खेळाच्या तासानंतरच आढळल्या, तर आराखड्यात मुभा असल्यास खेळाआधी इन्हेलर देणे हा एकच बदल करावा आणि पुढचे सहा आठवडे पुन्हा मोजावे. एकदम तीन बदल केले, तर कशाने फरक पडला ते कळत नाही. गैरहजेरीही याच कागदावर असावी : शाळेच्या दिवसांपैकी दहा टक्के, म्हणजे १८० पैकी १८ दिवस बुडाले, की ती दीर्घकालीन गैरहजेरी मानली जाते.

उरतो समाजाचा प्रश्न, आणि शालेय परिचर्येचा उगमच तिथे आहे. १९०२ साली न्यूयॉर्कच्या चार शाळांत लीना रॉजर्स यांची नेमणूक झाली तेव्हा खरूज, उवा, डोळे येणे अशा कारणांनी मुलांना सरसकट घरी धाडले जाई. त्या घरोघरी जाऊन उपचार समजावून सांगत, आणि वर्षभरात घरी धाडल्या जाणाऱ्या मुलांची संख्या झपाट्याने घटली. आज घरोघरी जाणे नेहमीच शक्य होत नाही, पण वर्गाच्या खिडकीखाली इंजिन चालू ठेवून उभ्या राहणाऱ्या बसगाड्यांबद्दल मुख्याध्यापकांशी बोलता येते. शाळा उघडल्यावर सर्दीचे विषाणू पसरतात आणि सप्टेंबरमध्ये मुलांचा दमा दरवर्षी उसळतो. म्हणून आराखडा व संमतिपत्राचे कोरे फॉर्म ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यातच पालकांकडे पोहोचावेत. शाळा सुरू झाल्यावर पाठवले, तर डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत निम्मा सप्टेंबर सरलेला असतो.