जुन्या पीसीवर रिझोल्यूशन १०२४ × ७६८ च्या पुढे जाईना, तेव्हा

बाबांच्या जुन्या डेस्कटॉपला फुल एचडी मॉनिटर जोडला, पण स्क्रीन १०२४ × ७६८ च्या पुढे सरकेना. अक्षरं आडवी ताणलेली, वाचताना डोळे दुखायचे. ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने टाकला, फरक शून्य.

विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये मॉनिटरच्या जागी ‘जेनेरिक नॉन-पीएनपी मॉनिटर’ (म्हणजे ओळख न पटलेला मॉनिटर) दिसलं, तिथे खरा धागा सापडला. मॉनिटरची माहिती (त्याला कोणतं रिझोल्यूशन चालतं वगैरे) पीसीपर्यंत पोचतच नव्हती. मॉनिटर व्हीजीए केबलने (तीन ओळींत पिना असलेली जुन्या पद्धतीची केबल) जोडला होता, आणि तीत ही माहिती १२ आणि १५ नंबरच्या पिनांवरून जाते. दोन्ही प्लगच्या अरुंद बाजूच्या ओळीत. केबलचं टोक उजेडात धरलं, तर १२ नंबरची पिन बुडापासून तुटलेली. (९ नंबरची पिन कित्येक चांगल्या केबलींतही नसते, त्याने घाबरू नका.)

दुसरी केबल लावली, पीसी रीस्टार्ट केला. यादीत १९२० × १०८० लगेच आलं आणि अक्षरं रेखीव झाली.