म्हशीला सरावलेला हात

गोव्यात मांद्र्याच्या बाजूला समुद्रापासून हाकेच्या अंतरावर एक छोटा तबेला आहे. तिथून रात्री साडेनऊला फोन आला, "घोडा लोळतोय." तेव्हा मला पशुवैद्याच्या नोकरीत सहा वर्षं झाली होती. डिचोली तालुक्यात रोज चार-पाच म्हशींची पीडी, म्हणजे गाभण तपासणी, कृत्रिम रेतन, एखादी अडलेली गाय. काखेपर्यंत हात घालून, डोळे मिटून सांगायचो, तीन महिने. घोडा म्हणजे काय, मोठं जनावरच की! या गुर्मीतच गाडी काढली. आमच्या भागात लहानपणापासून पाहिलेले घोडे म्हणजे शिगम्यातल्या घोडेमोडणी नाचाचे, लाकडी, कमरेला बांधलेले. त्यांना पोटशूळ होत नाही.

घोडा घामाने निथळत होता, सारखा कुशीकडे वळून बघत होता. नाडी ६०. निरोगी घोड्याची २८ ते ४४ असते. मी येईपर्यंत त्याला बाटलीने गोडेतेल पाजून झालं होतं. मी स्लीव्ह चढवली, साबण लावला आणि म्हशीत घालतो तसा गुदाशयात हात घातला. घोड्याने आवळलं. मी जोर केला. हात बाहेर काढला तेव्हा बोटांवर रक्ताची बारीक रेघ होती.

पुण्यात घोड्यांचीच प्रॅक्टिस करणारे एक सीनियर आहेत, कॉलेजात माझ्या पुढे होते. त्यांना फोन लावला.

"किती जोर केलास?"

"सर, नेहमीइतकाच."

"तुझा नेहमीचा म्हणजे म्हशीचा. मालकाला आत्ताच्या आत्ता सांग. उद्या सांगितलंस तर लपवलंस असं होईल."

मालकाला सांगितलं. नशीब, फक्त आतलं अस्तर खरचटलं होतं. दहा दिवस अँटिबायोटिक, लीद मऊ राहावी म्हणून लिक्विड पॅराफिन, आणि रोज डिचोली ते मांद्रे फेरी. त्या दहा दिवसांत मी जेवढं वाचलं तेवढं परीक्षेलाही वाचलं नव्हतं. घोड्याचं गुदाशय फाटून लीद पोटाच्या पोकळीत उतरली तर घोडा सहसा वाचत नाही. म्हणून आधी गुंगीचं औषध देऊन शांत करायचं, आतडं सैल पडायला ब्युस्कोपान, जेली भरपूर, आणि घोड्याने आवळलं की हात मागे. पुढे नाही. गाईच्या आतड्याची भिंत तुमची घाई पोटात घालते. घोड्याची घालत नाही.

हे सगळं अभ्यासक्रमात होतंच. मी मुंबईत परळच्या व्हेटरनरी कॉलेजचा. ते कॉलेज १८८६ सालचं, शेजारीच जनावरांचा बाई साकरबाई दवाखाना, आमच्या वेळी तिथे व्हिक्टोरिया गाड्यांचे घोडे यायचे. पण एका घोड्याभोवती वीस मुलं उभी राहिली की मागच्याच्या वाट्याला पुढच्याची मान येते. मी मागे असायचो. तेव्हा पदवी हातात आहे म्हणून घोडा येतो, असं नव्याने पास झालेल्यांनी समजू नये.

औषधांच्या मात्रेतही हाच घोळ. गुंगीचं झायलाझिन घ्या. साडेतीनशे किलोच्या घोड्याला किलोमागे १.१ मिलिग्रॅमच्या हिशेबाने ३८५ मिलिग्रॅम शिरेतून, म्हणजे मिलीमागे वीस मिलिग्रॅमच्या बाटलीतलं जवळजवळ १९ मिली. त्याच वजनाच्या गाईला एक मिलीतही काम होतं. गाईच्या सवयीने घोड्याला टोचलं तर तो ढिम्म उभा राहून लाथ घालतो, आणि उलट चूक केली तर गाय तुमच्यादेखत आडवी. मी गाईची आणि घोड्याची अशा दोन बाटल्यांना वेगळ्या रंगाची चिकटपट्टी लावली आहे. लोक हसतात, हसू देत.

मग शिकायचं कुठे? मी आधी वेबिनार गोळा केले. अमेरिकेतली घोडेडॉक्टरांची संघटना १९५४ची, ब्रिटनमधली १९६१ची, दोघांकडे भरपूर मजकूर आहे. लंगडेपणाचं ० ते ५ हे माप मी अमेरिकनांचंच वापरतो. एक्स-रे वाचायला, अल्ट्रासाउंड ओळखायला हे उत्तम. हिसारला घोड्यांचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, १९८५चं. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाचा संशय आला तर त्या केंद्राशी संबंध येतोच, आणि तो रोग माणसालाही होतो हे विसरू नका. ज्यांचं वय आणि पाय दोन्ही मोकळे आहेत त्यांनी लष्कराच्या रिमाउंट अँड व्हेटरनरी कोअरमधल्या अल्पसेवेचा विचार जरूर करावा. संसार सुरू व्हायच्या आत कोणी मला हे सांगायला हवं होतं.

माझा हात मात्र बदलला तो पुण्यात. जुलै ते ऑक्टोबर शर्यती पुण्यात, नोव्हेंबर ते एप्रिल मुंबईत महालक्ष्मीला, आणि घोडे त्याप्रमाणे हलतात. मी अर्जित रजा टाकून जुलैत तीन आठवडे त्या सीनियरांच्या मागे फिरलो. चवथीच्या आधी परत यायचं या अटीवर घरून परवानगी. पहिला आठवडा त्यांनी मला आजारी घोड्याला हातच लावू दिला नाही. पहाटे साडेपाचला जायचं आणि धडधाकट घोडे तपासायचे. नाडी, श्वास, हिरड्यांचा रंग, चारही खुरांची ऊब, पोटाच्या चारही बाजूंना एकेक मिनिट स्टेथोस्कोप. उजवीकडे वर मधूनच संडासाची टाकी सोडल्यासारखा आवाज येतो, तो अंधांत्राचा, म्हणजे मोठ्या आतड्याच्या पहिल्या पिशवीचा. शंभर निरोगी पोटं ऐकल्यावर मुकं पोट आपोआप कळतं. कंटाळा आला होता, खोटं कशाला बोलू. आज त्याच आठवड्यावर माझं पोट चालतं.

दुसऱ्या आठवड्यात नळी. घोड्याला उलटी होत नाही, म्हणून जठर फुगलं की नाकातून नळी घालून मोकळं करावं लागतं. नळी नाकपुडीच्या तळाने सरकवायची. वरून गेली की रक्ताची धार लागते. आणि ती अन्ननलिकेतच आहे याची खात्री होईपर्यंत तेलाचा थेंब आत जाता कामा नये. बाटलीने तेल पाजणं तर बंदच करा, ते फुप्फुसात जातं.

शस्त्रक्रियेबद्दल लोक फार विचारतात. माझं उत्तर लहान आहे: जखमा, गळवं, खच्चीकरण. खच्ची करताना इमॅस्क्युलेटरचा, म्हणजे नस चिरडून कापायच्या चिमट्याचा, नट वृषणाच्या बाजूला, हे देवाच्या नावासारखं पाठ पाहिजे. उलटा धरला तर चिरडलेला भाग वृषणाबरोबर निघून जातो आणि रक्त थांबत नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन आधी. नंतर निदान चार तास आपण तबेल्यातून हलायचं नाही, कारण जखमेतून आतडं बाहेर येऊ शकतं.

परतल्यावर कळलं, गोव्याचे आजार पुण्याच्या ट्रॅकवर शिकता येत नाहीत. मांद्र्याच्या त्या घोड्याचं मूळ दुखणं त्या रात्रीच्या दुसऱ्या दिवशी सापडलं होतं. लिदीचे पाच-सहा गोळे हातमोज्यात टाकले, पाणी भरलं, चुरगाळून खिळ्याला टांगलं. पंधरा मिनिटांत मोज्याची पाचही बोटं वाळूने टणक. तिथला सईस कोल्हापूरकडचा, तो म्हणाला, "डॉक्टर, दाणा आम्ही खालीच टाकतो की." किनाऱ्यावरच्या प्रत्येक तबेल्यात मी आता आधी गव्हाण बघतो. वाळू काढायचं इसबगोल नंतर.

दमट उन्हात काही घोड्यांना घाम येणंच बंद होतं. कातडी कोरडी, श्वास भात्यासारखा. पावसाळ्यात खुराच्या खाचेत कुजकट वास. गोमाश्या वाढल्या की ताप आणि पायावर सूज, तेव्हा रक्ताची काच बघून सर्रा, म्हणजे रक्तातल्या परजीवींचा रोग, आहे का ते ठरवायचं. आणि कोंबड्यांचं खाद्य तबेल्याच्या कोठीत दिसलं तर तिथेच भांडा. त्यातलं मोनेन्सिन हे औषध घोड्याचं हृदय निकामी करतं.

एक फुकटचा सल्ला: म्हशींच्या पीडीचा अल्ट्रासाउंडचा लिनियर प्रोब घोड्याच्या स्नायुबंधांवरही चालतो. नवीन यंत्रासाठी कर्ज काढू नका.

पोट उघडण्याची सोय माझ्याकडे नाही. पुणे साडेचारशे किलोमीटर. दोन वर्षांपूर्वी एका घोडीला कळ थांबवायचं फ्लुनिक्सिन देऊन दोन तासांत कळ परत आली, नळीतून सहा लिटर पाणी निघालं. मी आणखी एक इंजेक्शन देऊन वाट बघितली. मग आणखी थोडी. टेंपो निघाला तेव्हा पहाट झाली होती. घोडी निपाणीच्या अलीकडेच गेली. आता औषधाच्या पेटीच्या झाकणाला आतून टेंपोवाल्याचा नंबर चिकटवला आहे. कळ परत आली की दुसरी सिरिंज भरायच्या आधी तो फिरवतो.