आधी पॉइंटचा गॅप, मग टायमिंग

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी वडिलांची 346 सीसीची, पॉइंटवाली जुनी बुलेट कित्येक वर्षे उभी होती. पॉइंट म्हणजे ठिणगी पाडण्यासाठी उघडझाप करणारे दोन संपर्क; त्यांच्यातली फट म्हणजे गॅप, आणि ठिणगी पडण्याची वेळ म्हणजे टायमिंग. डिप्लोमा झाल्यावर ती चालू करण्याचे मी मनावर घेतले आणि पहिल्याच प्रयत्नात किकने पायाला असा उलटा तडाखा दिला की मी आठवडाभर लंगडत होतो. शेजारच्या गॅरेजवाल्या काकांनी एवढेच विचारले, "गॅप कधी बघितलास?" "टायमिंग झाल्यावर, काका." "मग आता टायमिंग कुठे राहिले?" गॅप वाढवला की पॉइंट लवकर उघडतात आणि ठिणगी तितकीच आधी पडते, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते.

म्हणून नवशिक्याने प्रथम पॉइंट साफ करावेत, कारण खड्डे पडलेल्या पॉइंटवर फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) खोटे माप दाखवते. मग ते कॅमच्या (पॉइंट उघडणाऱ्या फिरत्या भागाच्या) उंचवट्यावर पूर्ण उघडलेले असताना 0.35 ते 0.40 मिमी गॅप ठेवावा. त्यानंतर गाडी मेन स्टँडवर घेऊन प्लग काढावा आणि शेवटच्या गिअरमध्ये मागचे चाक पुढच्या दिशेने हळूहळू फिरवावे. फोर-स्ट्रोक इंजिनात पिस्टन चार स्ट्रोकच्या एका चक्रात दोनदा वर येतो; दोन्ही पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्या) बोटांनी सहज फिरत असतील, तर तो कॉम्प्रेशनचा स्ट्रोक समजावा. पिस्टन सर्वांत वर पोचण्याच्या 0.8 मिमी आधी पॉइंट उघडायला लागले पाहिजेत, आणि हे माप अॅडव्हान्सची वजने (वेग वाढला की ठिणगी आधी पाडणारी) पूर्ण मिटलेली असतानाचे आहे; त्यांच्या स्प्रिंगा सैल असतील तर पुढची सारी मेहनत फुकट जाते. प्लगचे भोक तिरपे असल्यामुळे त्यातून पिस्टनची उंची मोजायला घातलेली सायकलची तार पिस्टनइतकीच सरकत नाही, ही फसगत मीही अनुभवली आहे. चाक फिरवताना पिस्टन या 0.8 मिमीच्या जागेपुढे गेला, तर चाक बरेच मागे नेऊन पुन्हा पुढे आणावे, म्हणजे गिअरमधली ढिलाई मापात येत नाही.

पॉइंट उघडल्याचा क्षण डोळ्यांना कळत नाही. बॅटरीच्या व्होल्टचा बल्ब पॉइंटचे टर्मिनल आणि इंजिन यांच्यामध्ये जोडून चावी चालू केली, की पॉइंट उघडताच तो पेटतो. तो नेमका 0.8 मिमीच्या जागी पेटेपर्यंत पॉइंटची प्लेट सरकवावी, स्क्रू आवळावेत आणि पुन्हा तपासावे, कारण आवळताना प्लेट हमखास हलते.

खरी परीक्षा मी पावागडला, माचीच्या चढावर घेतो. वरच्या गिअरमध्ये टकटक आली तर ठिणगी लवकर पडते आहे. गाडी मरगळली आणि सायलेन्सरचा पाइप निळसर झाला तर उशिरा. काही महिन्यांनी पॉइंटची फायबरची टाच झिजून गॅप आपोआप कमी होतो, त्यामुळे कॅमवर किंचित ग्रीस लावून ठेवावे.