छोटी सेलाजिनेला शोधताय? मग या चुका टाळा

सेलाजिनेला म्हणजे नेच्यासारखी, फुलं न येणारी, बीजाणूंवर वाढणारी वनस्पती. पावसाळा लागला की सह्याद्रीत फिरणाऱ्या मंडळींचे फोटो धडाधड यायला लागतात, "दुर्मीळ सेलाजिनेला सापडली!!" आणि झूम करून बघावं तर बऱ्याचदा ती सेलाजिनेलाच नसते. दरवर्षी तेच तेच सांगून तोंड दुखलं म्हणून आता एकदाच लिहून टाकतो.

पहिली आणि माझ्या सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे शेवाळाला सेलाजिनेला म्हणणं. मागे आंबोलीकडे एका फेरीत एक उत्साही पोरगा होता, रस्त्याकडेच्या ओल्या दरडीवर त्याला चपटी हिरवी पिसासारखी पानं दिसली, लगेच मोबाईल काढला, ॲपने सेलाजिनेला सांगितलं आणि हा सगळ्यांना ओरडून बोलवायला लागला. मी म्हटलं अरे भिंगातून बघ की आधी, तर म्हणे "दादा, ॲप ९० टक्के शुअर आहे." संध्याकाळपर्यंत फोटो सगळीकडे फिरून आले. मग रात्री टॉर्चच्या उजेडात भिंग डोळ्याला लावलं तर पानं फक्त दोन रांगांत आणि एका टोकावर बारीक देठावर उभी असलेली बीजाणूंची कुपी! फिसिडेन्स नावाचं मॉस, म्हणजे शेवाळ, होतं ते, साधं, पावसाळ्यात जागोजागी दिसणारं. सेलाजिनेलाला अशी देठावरची कुपी कधीच नसते, तिथेच विषय संपतो.

आपल्याकडच्या ओलसर जागेतल्या छोट्या जातींत पानांच्या चार रांगा असतात, बाजूला दोन मोठ्या पानांच्या आणि वरच्या अंगाला मधोमध दोन बारक्या पानांच्या. ही बारकी पानं वरच्या बाजूला आहेत ना, हे बघाच, कारण लिव्हरवर्टमध्येही (शेवाळासारखीच बारकी वनस्पती) बारकी पानं असू शकतात पण ती खालच्या अंगाला. शिवाय सेलाजिनेलाच्या पानात एकच शीर असते, लिव्हरवर्टच्या पानात शीर नसते. दहापट भिंग पुरतं, आणि ते गळ्यातच असू द्या, सॅकच्या तळाशी ठेवलेलं भिंग कुणीही काढत नाही.

दुसरी चूक, कणीस न बघता जात ठरवणं. कणीस म्हणजे फांदीच्या टोकाचा बीजाणूंचा भाग, स्ट्रोबिलस. डेलिकॅट्युला ही चांगली मोठी वाढणारी जात, पण तिची पिल्लं दरडीवर उगवली की लोक त्यांना सिलियारिस ही छोटी जात म्हणून मोकळे होतात. डेलिकॅट्युलाचं कणीस चौकोनी, त्यातली पानं एकसारखी, आणि सिलियारिसचं कणीस चपटं, त्यात लहानमोठी अशी दोन प्रकारची पानं. कणीस नसेल तर मी वहीत फक्त "सेलाजिनेला" लिहितो आणि पुढे चालायला लागतो. जुलैत नाव पाहिजेच असा हट्ट कशाला? ऑगस्ट उलटल्यावर परत या, तीच जागा, तीच दरड. पण नवीन लोकांना पहिल्याच फेरीत जातीचं नाव आणि वर "नवीन नोंद" पण पाहिजे असते.

आता "दुर्मीळ" या शब्दाबद्दल. या चिमुकल्या जातींपैकी काही पावसाबरोबर येतात आणि हिवाळा लागला की वाळून गायब होतात, डिसेंबरात जाऊन "इथे नाही" म्हणणं म्हणजे मे महिन्यात बेडूक मोजणं. दुसरं म्हणजे लोक घनदाट जंगलात शिरतात. तिथे पालापाचोळ्याचा थर एवढा असतो की बोटभर उंचीचं झाड त्याखाली गुदमरतंच. यांना उघडी ओली माती लागते, सावलीतली, गवताने न झाकलेली: पायवाटेच्या कडेची दरड, पाझर असलेला जांभा, ओढ्याकाठची उभी माती. म्हणूनच रस्ता रुंद करताना जेसीबीने दरड खरवडली की अख्खी वस्ती एका दुपारी जाते, आणि खरी दुर्मीळ जात असली तर ती अशीच जाते, कुणाच्या लक्षातही न येता.

संजीवनीचा खेळ यांच्यावर करू नका. जत्रेत सुकलेला गोळा पाण्यात टाकला की उघडतो ती सेलाजिनेलाचीच ब्रायोप्टेरिस ही जात, उघड्या खडकावर वाढणारी, कोरडं पडून परत हिरवी होणारी. दरडीवरची नाजूक सिलियारिस वाळली की मेली. आणि नुसतं उघडणं म्हणजे जिवंत असणं पण नाही हं, मेक्सिकोकडची लेपिडोफायला मेलेली असली तरी पाणी पिऊन पसरते.

बाकी किरकोळ:

वरून एकच फोटो काढू नका, वरून, खालून आणि कणसाचा असे काढा, शेजारी पट्टी ठेवा.

नेमकं लोकेशन जगजाहीर करू नका, तालुका पुरे.

अख्खा पुंजका उपटू नका. अभयारण्यात तर परवानगीशिवाय पानालाही हात लावायचा नाही.

परवानगी असेल आणि नमुना घ्यायचाच असेल तर एखादी कणसासकट फांदी घ्या, दुमडलेल्या कागदाच्या पाकिटात ठेवा, तारीख आणि जागा पाकिटावर तिथल्या तिथे पेन्सिलीने लिहा, कारण पेनाची शाई पावसात पसरते आणि घरी येऊन "आठवेल" म्हणणाऱ्याला काहीही आठवत नाही.