सिंगल-स्पीड एमटीबी: आधी आहे त्याच सायकलवर बघा

एमटीबीचे (डोंगरी सायकलचे) गिअर काढून एकच ठेवायचा (सिंगल-स्पीड), पण पुढच्या-मागच्या चकत्यांना दात किती ठेवायचे हेच कळत नाही आणि चुकीचं स्प्रॉकेट (मागची दातेरी चकती) आणलं की पैसे गेले. त्यावर बिनखर्चाचा उपाय:

१. पुढच्या आणि मागच्या चकत्यांचे दात मोजा. मोजलेल्या दाताला खडूची खूण करा, नाहीतर हमखास चुकतं.

२. २६ इंची चाकाला साधारण दोनास एक धरतात: पुढे ३२, मागे १६. २९ इंची चाक मोठं, म्हणून मागे १८ किंवा २०. पुण्याच्या वेताळ टेकडीसारखा सुट्या खडीचा चढ रोजचा असेल तर २०च घ्या, सपाटीवर पाय भराभर फिरले तरी चालेल.

३. सायकल त्या गिअरवर टाकून शिफ्टरला (गिअर बदलायच्या खटक्याला) चिकटपट्टी लावा. नुसत्या निश्चयावर राहू नका, पहिल्या चढालाच अंगठा शिफ्टरवर जातो!

४. दोन-तीन आठवडे नेहमीच्या वाटेवर चालवा. चढाआधीच वेग घ्या आणि चढावर उभं राहून पेडल मारा. गुडघा दुखला तर मागे दोन दात वाढवा.

जमलं की मगच स्प्रॉकेट आणि स्पेसर (स्प्रॉकेटच्या बाजूची रिकामी जागा भरणाऱ्या कड्या) घ्या. फ्रेममधली मागच्या चाकाची खाच उभी असेल तर चाक मागे ओढून चेन ताणता येत नाही, तिथे टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) लागतो.

एक जपा: दोन्ही चकत्या एका रेषेत हव्यात. चेन तिरकी किंवा सैल असली तर उभं राहून जोर लावताना निसटते आणि गुडघा थेट हँडलवर आपटतो.