धामण शिकायची तर आधी कात मोजा

मराठवाड्यात साप शिकायला निघालेलं पोरगं पहिल्याच आठवड्यात शेपटी धरायला धावतं. धामण बिनविषारी, म्हणून तिच्यावरच हात साफ करायचा! पण ती चपळ, उलटून चावते, रक्त काढते. शिवाय कडब्याच्या गंजीतून दिसलेली वीतभर शेपटी धामणीचीच कशावरून? परवानगीशिवाय साप पकडणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही, ते वेगळंच. घरात साप निघाला तर वनविभागाचा १९२६ हा हेल्पलाइन नंबर लावा.

सुरुवात कातीपासून करा. बांधाच्या दगडांत, विहिरीच्या कपारीत, गोठ्यामागं ती सापडते. वाळलेली कात ओढू नका. शेपटीकडचा भाग फाटतो आणि नेमका तोच लागतो. पाणी शिंपडून मऊ होऊ द्या, पोटाच्या मधोमध गुदद्वाराच्या अलीकडेपर्यंत कात्रीने उभी चिरा, पुठ्ठ्यावर पसरा. लांबीवर भरवसा नको, कात ताणलेली असते; पाच फुटी सापाची सहा फूट भरू शकते.

मग खवल्यांच्या ओळींची मोजणी. पोटाचे रुंद खवले सोडा. त्यांच्या शेजारचा पहिला छोटा खवला धरून तिरकं पाठीवर चढा आणि पलीकडे पोटाच्या कडेपर्यंत उतरा. सरळ आडवं मोजलं की ओळी चुकतात. धामणीच्या अंगाच्या मध्यावर १७ ओळी, गुदद्वाराच्या जरा अलीकडे १४. नागाच्या मध्यावर बहुधा २१ ते २५. मलेशिया, सुमात्रा, बोर्निओच्या जंगलात धामणीची पांढऱ्या पोटाची बहीण राहते. तिच्या मध्यावरच १६ असतात. सापांत मध्यावर सम आकडा क्वचितच येतो.

मोजणी अडली तर गुदद्वारावरचा खवला बघा. धामणीचा मधोमध दुभागलेला, नागाचा अखंड. पाठीच्या मधली ओळ शेजारच्या खवल्यांपेक्षा मोठी आणि षटकोनी दिसली तर ती मण्यार असू शकते. ‘धामण ही नागाची मादी’ म्हणणाऱ्या गावकऱ्यांना दोन काती शेजारी ठेवून दाखवा, वाद घालत बसू नका. दोन धामणी एकमेकींना विळखा घालून उभ्या दिसल्या की लोक जोडी म्हणतात. बहुतेक वेळा ती दोन नरांची कुस्ती असते.

फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवा, जागा आणि तारीख वहीत टिपा, कात तिथंच सोडा.