‘बॉर्डर बंद’चा मेसेज आला की चाळीला हात लावायच्या आधी

‘बांगलादेशने कांदा बंद केला, मिळेल त्या भावात काढा.’ हा मेसेज आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यातल्या ग्रुपांवर दर हंगामात फिरतो. कधी तो खरा असतो, कधी अर्धा खरा असतो, तर कधी जुनाच व्हिडिओ कोणीतरी पुन्हा पुढे ढकललेला असतो. पण दुसऱ्या दिवशी बाजार समितीबाहेर ट्रॅक्टरची रांग लागते ती लागतेच. बातमीने भाव पडायचा तेव्हा पडेल, रांगेने तो आधीच पाडलेला असतो.

आमच्या घरी कांदा साठवायची चाळ आणि हिशोबाची वही दोन्ही माझ्याकडे आहेत. भावकीतली पोरं घाबरून फोन करतात, ‘काकू, काढू का ठेवू?’ त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते. भाव सांगणं माझं काम नाही. जो सांगतो त्याच्यापासून लांब राहा.

आधी विचारा, बंद म्हणजे नेमकं काय झालं

‘बंद’ या एका शब्दात पाच वेगवेगळ्या गोष्टी कोंबतात, आणि पाचांचा तुमच्या ट्रॅक्टरवर होणारा परिणाम वेगळा असतो.

पहिली, आपल्या सरकारची निर्यातबंदी. ही सगळ्यात वाईट. २९ सप्टेंबर २०१९ ला लागली ती १५ मार्च २०२० ला उठली. १४ सप्टेंबर २०२० ला पुन्हा लागली आणि १ जानेवारी २०२१ ला उठली. डिसेंबर २०२३ ची तर ३१ मार्चपर्यंतच सांगितली होती. तारीख जवळ आली तशी ती पुढे ढकलली आणि सुटका झाली ४ मे २०२४ ला. म्हणजे बंदीच्या आदेशात शेवटची तारीख छापलेली असली तरी त्या तारखेवर मुलीचं लग्न ठरवू नका.

दुसरी, निर्यात शुल्क. १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के लावलं, तेव्हा जिल्हाभर लिलाव बंद पडले होते. १३ सप्टेंबर २०२४ ला ते २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ पासून निघालं. शुल्कात माल जातो, पण कमी भावाने जातो. हिशोब पुढे देते.

तिसरी, किमान निर्यात मूल्य. अमुक डॉलरच्या खाली माल बाहेर पाठवता येत नाही. मे २०२४ मध्ये बंदी उठली म्हणून पेढे वाटणाऱ्यांनी खालची ओळ वाचली नव्हती. टनाला ५५० डॉलर किमान मूल्य आणि वर ४० टक्के शुल्क होतं. तेव्हाच्या डॉलरच्या भावाने ते किलोला ६४ रुपयांच्या आसपास जात होतं. त्या भावात आपला कांदा घेणारं गिऱ्हाईक शोधून सापडत नव्हतं. दार उघडं होतं, उंबरा कमरेएवढा होता.

चौथी तिकडची. बांगलादेशात कांदा न्यायचा तर तिथल्या आयातदाराला त्यांच्या कृषी खात्याचा आयात परवाना लागतो. व्यापारी त्याला नुसतं ‘आयपी’ म्हणतात. आपल्याकडे काहीही बदललेलं नसताना तिकडे आयपी देणं थांबलं की गाड्या थांबतात. २०२३ च्या मार्चमध्ये असंच झालं आणि ५ जूनपासून पुन्हा परवानगी मिळाली. तिकडचं आयात शुल्क वाढणं-कमी होणं हेही याच खात्यात धरा.

पाचवी, रस्ता अडणे. ऑगस्ट २०२४ मध्ये ढाक्यात सरकार कोसळलं तेव्हा सीमेवरच्या पेट्रापोल-बेनापोल नाक्याची वाहतूक थांबली आणि काही दिवसांत सुरूही झाली. अशा बातमीत गाडीवाल्याचं आणि निर्यातदाराचं नुकसान मोठं, कारण माल रस्त्यात सडतो. चाळीत बसलेल्या कांद्याला त्या चार दिवसांनी फारसं काही होत नाही. तरी सगळ्यात जास्त घबराट याच बातमीची, कारण हिचेच फोटो येतात.

आणि सहावी जात म्हणजे ज्या बातमीचा कांद्याशी संबंधच नाही. १७ मे २०२५ ला भारताने बांगलादेशी तयार कपड्यांना जमिनीवरची नाकी बंद केली आणि फक्त न्हावाशेवा व कोलकाता बंदरांतून आणायला सांगितलं. त्याआधी एप्रिलमध्ये त्यांनी आपलं सूत जमिनीच्या वाटेने घेणं बंद केलं होतं, आणि आपण त्यांचा माल आपल्यामार्गे तिसऱ्या देशात पाठवण्याची सोय काढून घेतली होती. हे भांडण खरंच आहे, काळजीचंही आहे. पण त्या आदेशांत कांद्याचं नाव नव्हतं. म्हणून बातमी वाचताना बघा, माल येणारा आहे की जाणारा, आणि कोणता.

मूळ कागद बघा

बंदी आणि किमान मूल्य विदेश व्यापार महासंचालनालय काढतं. शुल्क अर्थ मंत्रालय काढतं. दोन्हींची अधिसूचना त्यांच्या संकेतस्थळावर असते आणि ती दोन-तीन पानांचीच असते. बारावी झालेल्या पोराला फोनवर उघडून द्या, पाच मिनिटांत निघते.

त्यात चार गोष्टी शोधायच्या. वर तारीख. कांद्याचा कोड, बहुतेक वेळा ०७०३१०१९. ‘बेंगळुरू रोज’ या जातीच्या कांद्याचा वेगळा असतो आणि त्याला पूर्वी वेगळी सूट मिळाली होती, तेव्हा तिकडच्या सुटीची बातमी आपली समजू नका. मग तक्त्यात आधीचं धोरण आणि बदललेलं धोरण. शेवटी, कधीपासून लागू आणि वाटेतल्या मालाचं काय. या शेवटच्या भागाकडे कोणी बघत नाही. डिसेंबर २०२३ च्या बंदीतही जो माल आधीच जहाजावर चढू लागला होता किंवा कस्टमच्या ताब्यात गेला होता, त्याला ५ जानेवारीपर्यंत जायची मुभा होती. म्हणजे बंदीच्या दुसऱ्याच दिवशी व्यापारी ‘सगळं बंद, माल घेऊन काय करू’ म्हणत असला तरी काहींच्या गाड्या जात असतात. त्याचा दोष नाही, तो त्याचा धंदा करतो. तुम्ही तुमचा करा.

कागद सापडला नाही तर? तर अजून बातमी नाही, अफवा आहे. एक दिवस थांबा. खरा आदेश एका दिवसात वर येतोच.

महिना बघा

वरच्या तारखा पुन्हा वाचा. आपल्या सरकारने कांद्यावर लावलेली नवी बंधनं बहुतेक ऑगस्ट ते डिसेंबर या पट्ट्यात लागली. कारण उघड आहे. उन्हाळ्यात काढून ठेवलेला उन्हाळ कांदा चाळीत संपत येतो, नवा लाल कांदा यायचा असतो, सण असतात आणि दिल्लीत किरकोळ भावाची ओरड सुरू होते. सूट कधी मिळते तेही बघून ठेवा. मे २०२४ ची सूट नाशिक-दिंडोरीच्या मतदानाआधी पंधरवड्यावर आली आणि सप्टेंबर २०२४ ची विधानसभेच्या तोंडावर. मी यावर जास्त बोलत नाही, घरात दोन पक्ष आहेत.

तिकडचं कॅलेंडर उलटं चालतं. त्यांचा मुख्य कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो, आणि त्यांचेही शेतकरी आपल्यासारखेच भावाला रडतात. म्हणून मार्चच्या सुमाराला आयपी बंद झाला तर तो आपल्यावरचा राग नसतो. त्यांच्या मालाला भाव मिळावा म्हणून ते करतात. त्यांचा साठा संपत आला आणि ढाक्यात कांदा महागला की परवाने सुटायला लागतात. मार्चच्या त्या बातमीला घाबरून ओला, न वाळलेला उन्हाळ कांदा पळवत बाजारात नेणं मला पटत नाही. तोच तर टिकणारा माल.

शुल्काचा हिशोब स्वतः करा

समजा सीमेवर तिकडचा गिऱ्हाईक सगळं धरून किलोला ३० रुपये द्यायला तयार आहे. शुल्क शून्य असेल तर ३० निर्यातदाराच्या हातात. २० टक्के असेल तर ३० भागिले १.२, म्हणजे २५. ४० टक्के असेल तर ३० भागिले १.४, म्हणजे साधारण २१ रुपये ४० पैसे. क्विंटलला अनुक्रमे ५०० आणि ८६० रुपये गेले. गाडीभाडं, बारदान, निवड, हमाली, वाटेतली सड यांत काही कमी होत नाही. म्हणून ही सगळी घट लिलावात तुमच्या ट्रॉलीवर येते. तिकडचा गिऱ्हाईक जास्त का देत नाही? कारण त्याला पाकिस्तान, चीन, इजिप्त, म्यानमारचा कांदा मिळतो, आणि आपण बंद केलं की तो तिकडे वळायला शिकतो. २०२२-२३ मध्ये आपण २५ लाख टनांवर कांदा बाहेर पाठवला होता, २०२३-२४ मध्ये तो १७ लाख टनांवर आला.

आता कोणी म्हणेल, देशात ३०० लाख टन पिकतो, त्यातले शंभरातले जेमतेम आठच बाहेर जातात, मग एवढं काय? चुकीचं. आमचं गणित शंभरावर चालत नाही, शेवटच्या आठांवर चालतं. लिलावात बाहेरचे दोन खरेदीदार कमी झाले की बोली थांबते ती सगळ्यांच्याच ट्रॉलीवर थांबते.

पण प्रत्येक पडझड सीमेमुळे नसते. कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर लासलगाव, पिंपळगाव, सोलापूर यांचे किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर आवकेसकट मिळतात. आवक दुप्पट आणि भाव कमी, तर कारण रांग आहे. आवक तेवढीच आणि भाव कमी, तर मागणी गेली, बातमीत तथ्य आहे. आवक तेवढीच, कमाल दर टिकलेला पण किमान कोसळलेला, तर खराब माल घाबरून बाहेर आला आहे; तुमच्या चांगल्या मालाला अजून भाव आहे. गुजरातमधल्या महुवा आणि राजस्थानातल्या अलवरकडचे भावही एकदा बघा. सरकारसाठी कांदा साठवणाऱ्या नाफेडचा साठा बाजारात येणार असल्याची हूलही बॉर्डरइतकीच भाव हलवते.

मग चाळ उघडा

इथवर कागद. पण काढायचं की ठेवायचं हे शेवटी कांदाच सांगतो.

चाळीच्या बाजूच्या पट्ट्यांतून कोपरापर्यंत हात घाला. आत ऊब लागली तर थांबायचं नाही. वास घ्या, सडका वास एका कप्प्यातूनच येत असेल तर तो कप्पा आजच मोकळा करा, उद्या शेजारचा जातो. मग ढिगाच्या पोटातून, वरचे नाही, दहा-बारा कांदे काढा आणि उभे चिरा. मधल्या हिरव्या कोंबाकडे बघा. कोंब बुडाशीच असेल तर वेळ आहे. अर्ध्यावर आला असेल तर आठवडे मोजा. मानेला टेकला असेल तर बाहेरून कितीही गोंडस दिसो, बाजारात पोचेपर्यंत त्याला मोड दिसणार. सालीखाली काळी पूड दिसली तर तो माल वेगळा काढा, चांगल्यात मिसळून नेऊ नका. व्यापारी ट्रॉलीत हात घालतो तो तेच शोधायला, आणि सापडलं की पूर्ण वक्कलाला, म्हणजे त्या सगळ्या मालाला, खालचा भाव लावतो.

ठेवायचं ठरवलं तर घटीचा हिशोब लिहा, मनात करू नका. समजा आज क्विंटलला १५०० मिळतात. तीन महिन्यांनी वजनातली घट आणि सड धरून ७५ किलोच उरला, तर तेवढेच पैसे यायला भाव २००० हवा. व्याज, निवडायची मजुरी अजून धरलेली नाही. ‘भाव वाढेल’ म्हणणाऱ्याला विचारा, पाचशेच्या वर किती वाढेल?

आम्ही कप्पे पाडून विकतो. ज्या कप्प्यातल्या पैशाला काम ठरलेलं आहे, गावच्या सोसायटीच्या कर्जाचा हप्ता, पोराची फी, लाल कांद्याच्या रोपाचा खर्च, तो कप्पा कोंब बघून वेळेत निघतो. त्या वेळी बॉर्डर उघडी की बंद हे आम्ही बघत नाही. बातमीवर खेळायचा तो उरलेल्या कप्प्यांचा खेळ. आणि एका दिवशी एकच ट्रॅक्टर.

लिलाव बंद पडून पुन्हा सुरू होतात, त्या पहिल्या दिवशी जाऊ नका. तुंबलेला सगळा माल त्याच दिवशी येतो. दोन-तीन दिवसांनी, आवकेचा आकडा खाली आलेला बघून, सकाळच्या सत्राला नंबर लावा. घबराटीच्या दिवसांत शिवारात येऊन ‘इथेच मोजून घेतो, पैसे पुढच्या आठवड्यात’ म्हणणारे हमखास उगवतात. अशांना चहा द्या, कांदा देऊ नका. समितीच्या आवारात वजनाची काटापट्टी आणि पैशांची हिशोबपट्टी हातात घेऊन, पैसे कधी आणि कशाने मिळणार ते तिथेच ठरवून मग ट्रॉली खाली करा.

व्यापाऱ्याशी बोलताना ‘बॉर्डरचं काय?’ असं मोघम विचारलं की मोघम उत्तर मिळतं. त्याऐवजी विचारा: आज तुमची गाडी कुठे भरते आहे, घोजाडांगा, हिली, महदीपूर (ही बांगलादेश सीमेवरची नाकी) की दिल्ली? तिकडच्या पार्टीकडे आयपी किती टनाचा उरलाय? कालची गाडी पलीकडे खाली झाली का? ज्याचा माल खरंच जातो तो तिन्हींची उत्तरं तिथल्या तिथे देतो.